पायगुण

आर्ब्रोथच्या बंदरालगतच्या वस्तीला तिथले लोक ‘फिट ओ द टून’ म्हणतात. त्यांच्या बोलीत फिट म्हणजे पाय. गावाचा पाय. वर लाल दगडाचा पडका मठ, ते गावाचं डोकं म्हणायचं. तिथून हाय स्ट्रीट पाठीच्या कण्यासारखा उतरत येतो, आणि पाय पाण्यात बुडतात तिथं कोळ्यांची घरं. आम्ही राहायचो ते साधारण घोट्यापाशी. धड कोळीवाड्यात नाही आणि धड वरच्या बऱ्या वस्तीतही नाही. डॉक्टरला भाड्यानं मिळालेलं दोन मजली, अरुंद, कायम धुराचा वास येणारं घर.

हे गाव स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, डंडी आणि ॲबर्डीनच्या मधे आहे. 1967च्या सप्टेंबरात आम्ही तिथं पोचलो तेव्हा मी पाच वर्षांची होते. ब्रिटनच्या सरकारी दवाखान्यांना तेव्हा डॉक्टर कमी पडत होते आणि आपल्याकडची पदवी तिथं चालायची (1975 साली ती चालेनाशी झाली). बाबा ‘दोन वर्षांसाठी’ म्हणून आले. हे दोन वर्षांचं गणित त्या काळातल्या सगळ्याच डॉक्टरांच्या तोंडी असे, आणि सगळ्यांचंच चुके.

बाबा घाटावरचे, कराडजवळच्या एका खेड्यातले. घर कडक शाकाहारी. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो मेडिकलला मुंबईला आल्यावर, आणि तोही त्यांना फारसा आवडला नव्हता. आई मालवणची. तिला समुद्र आवडायचा की नाही हा प्रश्नच नव्हता, तो घरातलाच होता. नियतीचा विनोद असा, की इंग्रजी यायचं ते समुद्र न आवडणाऱ्या माणसाला. आईकडे इंग्रजीतले वीसेक शब्द होते, तेही शाळेत पाठ केलेल्या कवितांमधले. त्यामुळे ‘डॅफोडिल’ यायचा, ‘टोमॅटो किती’ यायचं नाही.

खरं सांगायचं तर बाबांच्या इंग्रजीचाही तिथं फार उपयोग झाला नाही. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या बाई म्हणाल्या, मी मेसेजेस आणायला चाललेय, तुमच्यासाठी काही आणू का? बाबांना वाटलं पोस्टात तार आलीय. मेसेजेस म्हणजे वाणसामान. पीस म्हणजे सँडविच. ब्रेन असं काहीतरी ऐकू आलं तर मेंदू नाही, बेर्न, म्हणजे लेकरू. बाबा रोज संध्याकाळी एका वहीत हे शब्द लिहून काढायचे आणि जेवताना आम्हाला शिकवायचे. घाटावरचा माणूस मराठीत सांगतोय आणि मालवणी बाई स्कॉट्स शिकतेय, असा तो वर्ग.

शेजारच्या बाई साठीच्या होत्या. नवरा गेलेला, दोन मुलगे बोटीवर. हाडं रुंद, बोटं लाकडासारखी. तरुणपणी त्या हेरिंगच्या हंगामात मासे साफ करायच्या कामावर होत्या. शेटलंडपासून खाली इंग्लंडातल्या यार्मथपर्यंत मासळीच्या थव्यामागे बोटी जायच्या, आणि बोटींच्या मागोमाग रेल्वेनं या मुली. तिघींची एक टोळी. दोघी मासा चिरणार, तिसरी पिंपात मीठ आणि मासे यांचे थर लावणार. सुरीनं बोटं कापू नयेत म्हणून बोटांना चिंध्या गुंडाळायच्या, तरी कापायचीच, आणि मग कापलेल्यात मीठ. त्यांच्या उजव्या आंगठ्यावरचे वण मी मोजायचे. त्यांना काय म्हणायचं हे आईनं परस्पर ठरवून टाकलं, मावशी. त्यांनीही ते नाव काही न विचारता घेतलं. ‘मोशी’ असा उच्चार करायच्या आणि पोस्टमनलासुद्धा सांगायच्या की मी यांची मोशी आहे.

मोशी आईला ‘हेन’ म्हणायच्या. या, हेन. बरंय ना, हेन. आईला एवढं इंग्रजी येत होतं. चार दिवस तिनं सोसलं, मग बाबांपुढे तक्रार मांडली, “ती माका कोंबी म्हणता!” बाबांनी वही काढली. हेन म्हणजे लाडानं ‘बाय’ म्हणतो तसं. आईचं समाधान झालं नाही. बाय म्हणायला एक आख्खा पक्षी कशाला लागतो, असं तिचं म्हणणं.

मग एका सकाळी दारात वर्तमानपत्राची पुडी दिसली. आत चार हॅडॉक, डोळे अजून चकचकीत. बाबांनी कुणा कोळ्याच्या पोराचं गळू कापलं होतं, त्याची ही भेट. घरापुरते मासे असे कुणाच्या दाराशी ठेवणं, याला तिथं ‘फ्राय’ म्हणतात, तळलेले असोत वा नसोत. शाकाहारी डॉक्टरच्या दारात फ्राय. बाबा पुडीपासून दोन हात लांब उभे राहून कुणाला परत करावी याचा विचार करत होते, तोवर आईनं कल्ले उघडून पाहिले होते. गावात आल्यापासून मी तिला पहिल्यांदा घाईत पाहिलं. कोयता नव्हता, ब्रेडची सुरी होती. मोशी कुंपणापलीकडून बघत राहिल्या. आईनं मासा ज्या तऱ्हेनं धरला, पोटाखाली आंगठा घातला, ते बघून त्या आत गेल्या आणि आपली आखूड पात्याची सुरी घेऊन आल्या. दोघी मागच्या पायरीवर बसल्या. अर्धा तास एकमेकींशी बोलत होत्या, एक मालवणीत, दुसरी कोळ्यांच्या स्कॉट्समध्ये, आणि मला शपथेवर सांगता येईल की दोघींना सगळं कळत होतं.

पुढे आईनं गावाला एक धक्का दिला. तिनं मॅकरेल मागितला. मॅकरेल म्हणजे आपल्या बांगड्याचा थोरला भाऊ, अंगावर तेच पट्टे. पण तिथले कोळी तेव्हा त्याला हलका मासा समजायचे. काहीही खातो म्हणून तो घाणेरडा. गळाला आमिष म्हणून लावायचा, ताटात घ्यायचा नाही. डॉक्टरची बायको आमिष खाते ही बातमी बंदरभर झाली. उन्हाळ्यात बादली बादली बांगडे फुकट यायला लागले. मालवणहून पार्सलनं आलेली तिरफळं जपून ठेवलेली होती, ओलं खोबरं नव्हतं, म्हणून पाकिटातला वाळका कीस भिजवून वाटला, आणि आईनं तिखलं केलं. मोशींनी एक घास घेतला, दूध मागितलं, आणखी दूध मागितलं, आणि मग ताट पुसून संपवलं. आईच्या दृष्टीनं आम्ही त्या दिवशी आर्ब्रोथला राहायला आलो.

घराला येणारा धुराचा वास स्मोकीचा. आर्ब्रोथ स्मोकी ही त्या गावाची ओळख. हॅडॉकचं डोकं उडवायचं, पोट साफ करायचं, थोडा वेळ मिठात ठेवायचं, मग दोन मासे शेपटीशी सुतळीनं बांधून जोडी करायची आणि जोड्या काठीवर टांगायच्या. खाली पिंपात बीच किंवा ओकच्या लाकडाचा विस्तव, वरून ओलं गोणपाट. तासाभरात मासा शिजतो आणि तांब्याच्या हंड्यासारखा रंग घेतो. परसात ज्याचं त्याचं धुरघर. गोणपाट शेजारच्या डंडीच्या गिरण्यांचं, म्हणजे मुळात ताग बंगालचा. हे बाबांनी शोधून काढलं आणि त्यांना त्याचं फार अप्रूप. मासा खायचे नाहीत पण येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, बघा, तुमच्या स्मोकीवर आमचं पांघरूण. 2004पासून त्या नावाला युरोपात कायद्याचं संरक्षण आहे. आर्ब्रोथच्या आठ किलोमीटरांत केलेल्या माशालाच ते लावता येतं.

खरी स्मोकी मात्र आर्ब्रोथची नव्हेच, असं मोशी म्हणत. ती किनाऱ्यानं पाचेक किलोमीटरवरच्या ऑखमिथीची. त्यांचं आजोळ तिथलं. लाल कड्याच्या माथ्यावर एक ओळ घरं आणि खाली गोट्यांचा किनारा. पूर्वी तिथं धक्का नव्हता. बोटी पाण्यात ढकलायच्या आणि चढायचं. कोळ्याचे पाय सकाळीच भिजले तर दिवसभर समुद्रावर त्याच ओल्या पायांनी बसावं लागणार, म्हणून बायका घागरे खोचून नवऱ्याला पाठीवर घ्यायच्या आणि कमरेएवढ्या थंडगार पाण्यातून बोटीपर्यंत नेऊन सोडायच्या. मग स्वतः ओल्याच घरी यायच्या आणि आमिष लावायला बसायच्या. मी मोशींना विचारलं, बायकांचे पाय कोण कोरडे ठेवायचं? त्या इतक्या हसल्या की त्यांना खोकला लागला. उत्तर दिलं नाही.

त्यांच्या घरात काही शब्द बंद होते. डुकराला डुक्कर म्हणायचं नाही, ‘वेटोळ्या शेपटीचा’ म्हणायचं. सामन माशाचं नाव घ्यायचं नाही, तो ‘लाल मासा’. पाद्र्याला ‘काळ्या कोटवाला’. कुणाच्या तोंडून चुकून निघालंच तर लगेच लोखंडाला हात लावायचा, गार लोखंड असं पुटपुटत. बोटीकडे निघालेल्या माणसाला वाटेत पाद्री आडवा आला तर तो घरी वळायचा. लाल केसांची बाई दिसली तरी तेच. आणि सगळ्यात मोठं पथ्य म्हणजे निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही. भाकरीचा डबा विसरला तरी नाही.

मी हे घरी येऊन सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, अंधश्रद्धा. आई म्हणाली, बरोबरच आहे त्यांचं. आमच्याकडे तरी काय निराळं होतं? बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ फोडत नाही, वाढवतो. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. दिवा विझवत नाही, मालवतो. रात्री साप म्हणायचं नाही. बाहेर पडताना ‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’. मागून हाक नको, कुठं निघालात हे विचारायला नको, आणि काही विसरून पुन्हा घरात यावं लागलं तर जरा टेकायचं, घोटभर पाणी प्यायचं, मग निघायचं. मालवण आणि आर्ब्रोथ यांच्यात हजारो मैल असतील, पण दोन्हीकडच्या बायकांना माहीत होतं की शब्दाला कान असतात.

या यादीत आमच्या घराचा स्वतःचा एक शब्द होता. ‘परत’. दोन वर्षं 1969 साली संपली. त्यानंतर ‘परत कधी जायचं’ हे वाक्य घरात कुणी उच्चारलेलं मला आठवत नाही. मालवणहून आलेल्या निळ्या एअरोग्रामवर आजी ते लिहायची, शेवटच्या ओळीत, घडीच्या कडेला. आई तेवढी ओळ मोठ्यानं वाचायची नाही.

मोशींनाही न बोलायचं एक होतंच. 27 ऑक्टोबर 1953च्या पहाटे आर्ब्रोथची लाइफबोट संकटात सापडलेल्या कुणाच्या शोधाला गेली होती. ती माघारी येताना बंदराच्या अगदी तोंडाशी उलटली. सातांपैकी सहा गेले. समोर गाव, दिवे, ओळखीच्या खिडक्या. त्या सहांत मोशींचं नात्याचं कुणी नव्हतं, पण त्या वस्तीत नात्याचं नसणं म्हणजे काय हे सांगणं अवघड. दर ऑक्टोबरात एका सकाळी त्या दार उघडायच्या नाहीत. का, ते मला फार पुढे कळलं.

माझा भाऊ 1970च्या नोव्हेंबरात झाला. बंदराजवळ एक पांढरा सिग्नल टॉवर आहे. समुद्रात अठरा किलोमीटरवर बेल रॉक नावाचा खडक आहे, भरतीला पूर्ण बुडणारा. त्याच्यावर 1811पासून दीपगृह उभं आहे आणि त्याच्या राखणदारांची बायकापोरं पूर्वी या टॉवरमध्ये राहत. खडकावरच्या माणसाला घरी बाळ झालं की टॉवरच्या काठीवर मुलगा असेल तर पँट आणि मुलगी असेल तर परकर चढवायचे, म्हणजे त्याला दुर्बिणीतून कळावं, असं गावात सांगतात. आई बाळ घेऊन घरी आली तेव्हा मोशींनी आमच्या दोरीवर बाबांची पँट एकटीच वाळत घातलेली होती, दोन्ही पाय ताणून. नोव्हेंबरच्या पावसात. बाबांना ती दुसऱ्या दिवशी हवी होती.

बाळाच्या मुठीत जो तो चांदीच्या रंगाचं नाणं ठेवून गेला. ती तिथली रीत. आईनं ती सगळी सिक्सपेन्स आणि शिलिंगं एका डब्यात ठेवली. तीन महिन्यांनी, 15 फेब्रुवारी 1971ला, नवीन दशमान नाणी आली आणि आई म्हणाली, बघा, पोराचं ऐश्वर्य एका रात्रीत जुनं झालं. ती नाणी पुढेही काही वर्षं चालत होती, पण आईला नाट्य आवडायचं.

शाळेच्या आठवणी मी भराभर सांगून टाकते, कारण त्या इतर कुणाच्याही असाव्यात तशाच आहेत. 1968 ते 1971 सरकारनं हिवाळ्यातही घड्याळं मागे घेतली नाहीत. डिसेंबरात सूर्य पावणेदहाच्या सुमारास उगवायचा आणि आम्ही दंडाला चमकती पट्टी बांधून काळोखात शाळेत जायचो. एप्रिल-मेमध्ये समुद्रावरून ‘हार’ यायचं, म्हणजे पांढरं ओलं धुकं. वर मठापाशी ऊन आणि खाली आमच्या घरात दिवे. फुटबॉलचं मैदान समुद्राला इतकं चिकटून की वाऱ्याच्या दिवशी लाटांचे तुषार खेळाडूंवर. 1885 साली याच गावाच्या संघानं एक सामना 36 विरुद्ध 0 असा जिंकला होता आणि तो विषय अजून संपलेला नाही. जून महिन्यात रात्री दहाला उजेड. त्या उजेडात समुद्रात उतरायचं, निळं होऊन बाहेर यायचं, आणि दात वाजत असताना तोंडात घालायला बिस्किट किंवा पावाचा तुकडा. त्याला ‘चिटरी बाइट’ म्हणतात, कुडकुडता घास. माझ्या कुडकुडत्या घासात शेंगदाण्याची चटणी असायची. वर्गातल्या दोघींनी मला काळी म्हणून बरंच छळलं, त्यातलीच एक पुढे या चटणीसाठी मैत्रीण झाली. ते प्रेम माझ्यावर होतं की चटणीवर, याचा मी आजही निकाल लावलेला नाही.

आता थर्टी-फर्स्टचं.

स्कॉटलंडमध्ये नाताळ त्या काळी बेताचाच. 25 डिसेंबरला सार्वजनिक सुटी मिळाली तीच मुळी 1958 साली. मोठा सण वर्षअखेरीचा, हॉगमनाय. आधी घर झाडून-पुसून लख्ख, शेकोटीतली राख बाहेर, देणी चुकती. आई म्हणायची, ही तर दिवाळीच, फक्त सूर्य विकून टाकलेली. मध्यरात्री घंटा वाजतात, बंदरातल्या सगळ्या बोटी एकदम भोंगे लावतात. आणि मग सगळं गाव दाराकडे बघत बसतं, कारण नव्या वर्षात उंबऱ्याच्या आत पहिला पाय कुणाचा पडतो यावर वर्ष ठरतं. फर्स्ट फुट. त्यांच्या बोलीत फर्स्ट फिट. हा पहिला पाय बाईचा असून चालत नाही. सोनेरी केसांच्या माणसाचा चालत नाही, पूर्वी त्या रंगाची माणसं समुद्रातून लुटायला यायची त्याची ही आठवण, असं म्हणतात. पाय हवा काळ्या केसांच्या पुरुषाचा. उंच, काळासावळा माणूस, हातात कोळशाचा खडा, थोडी व्हिस्की, काहीतरी गोड.

1967च्या डिसेंबरात, घरात पाऊल टाकून तीन महिने झालेले, मोशींनी दार ठोठावलं. त्या बाबांना आपादमस्तक न्याहाळत होत्या. उंचीत बाबा पाच फूट चार इंच, तिथं पहिल्या झटक्यात नापास. पण रंग! केस! मोशींच्या हयातीत आर्ब्रोथमध्ये असा अस्सल माल आला नव्हता. त्यांनी बाबांच्या हातात कोळशाचा खडा ठेवला आणि सांगितलं, बारा वाजले की आधी माझ्याकडे.

बाबा वही काढून बसले. फर्स्ट फुट. पुढे अर्थ लिहायला घेतला आणि थांबले. मग आईकडे बघून एकच शब्द म्हणाले, “पायगुण.”

त्या रात्री ते मोशींकडे गेले. मोशींनी आणखी दोन दारं सुचवली, त्या दारांनी आणखी चार. पुढच्या वर्षापासून यादी व्हायला लागली. बाबा ओव्हरकोटच्या खिशात कोळसा भरून, डॉक्टरची बॅग घेऊन (कुणी सांगावं, लागलीच तर), पहाटे चारपर्यंत घरोघर उंबरे ओलांडत फिरायचे. प्रत्येक घरी एक घोट घ्यावाच लागे. न पिणाऱ्या माणसानं ते कसं निभावलं याची हकिकत निराळी, त्यात कुंड्यांचा बराच वाटा आहे. एका बाईंनी पहिल्या हिवाळ्यात दवाखान्यात स्पष्ट सांगितलं होतं, मला काळा डॉक्टर नको, दुसरा द्या. दोन वर्षांनी त्यांचंही नाव यादीत आलं. त्यांना काळा डॉक्टर नकोच होता अजून, काळा पाय हवा होता. मी मोठी झाल्यावर यावर फार चिडले. बाबा म्हणाले, अगं, कुठूनतरी आत जायचं ना.

ते आत जाणं त्यांच्यासाठी काय होतं, हे मला 1974च्या एक जानेवारीला कळलं. मी बारा वर्षांची, त्या रात्री पहिल्यांदाच जागं राहायची परवानगी होती. बाबा पहाटे घरी आले, कोट काढला, कोळशानं काळे झालेले हात धुतले आणि शेगडीपुढे पाय लांब करून बसले. व्हिस्की थोडी पोटात गेली असावी, सगळी कुंडीत नाही. म्हणाले, मी जन्मलो त्याच्या पंधराव्या दिवशी माझे वडील तापानं गेले. आत्या मला पांढऱ्या पायाचा म्हणायच्या. घरात लग्न असलं, बारसं असलं, नवा बैल आणला, की मला मळ्यात धाडायचे. बैल आत आला की मग बोलवायचे. एकदा बोलवायचंच विसरले.

आई हातातलं विणकाम खाली ठेवून त्यांच्याकडे बघत होती. तिलाही हे माहीत नव्हतं. लग्नाला चौदा वर्षं झाली होती.

“आणि इथं?” मी विचारलं.

“इथं सगळ्यांचेच पाय पांढरे. म्हणून माझा चालतो.”

ते स्वतःच्या विनोदावर हसले, आम्ही हसलो नाही. मग ते तसेच खुर्चीत झोपले. त्यांच्या मोज्याला आंगठ्यापाशी भोक होतं. त्या भोकातून दिसणारा आंगठा मला अजून दिसतो. या पायानं त्या रात्री एकोणीस घरांचं वर्ष सुरू केलं होतं.

पायगुण खरा असतो का? नाही. हे मला आईपेक्षा जास्त आणि बाबांपेक्षा कमी खात्रीनं माहीत आहे. 1977 साली उत्तर समुद्रातली हेरिंग इतकी संपली की ती पकडायलाच बंदी आली. गावातल्या बोटी आधीपासूनच कमी होत होत्या. मोशींचा धाकटा मुलगा ॲबर्डीनला तेलाच्या कामावर गेला. बाबांचा पाय दहा वर्षं त्या उंबऱ्यांवर पडत होता, समुद्रानं त्याची काही दखल घेतली नाही. त्याबद्दल बाबांना मात्र कुणी काही म्हणालं नाही. ते ज्या घरात वाढले त्या घरानं म्हटलं असतं.

2011 साली, बाबा गेल्यानंतर आठ वर्षांनी, मी आईला घेऊन आर्ब्रोथला गेले. आमचं घर आता कुणाचं सुट्टीतलं घर आहे, दाराला समुद्री निळा रंग आणि खिडकीत शोभेची लाकडी बोट. मोशी कधीच गेल्या होत्या. आई काठी टेकत बंदरावर गेली, एका खिडकीशी उभी राहून स्मोकीची जोडी घेतली, मासा दाबून बघितला, नापसंती दाखवली आणि पैसे दिले. पंचविशीतला पोरगा सुटे देत म्हणाला, हे घ्या, हेन. आई माझ्याकडे वळली. “ऐकलंस? म्हणतात अजून.” मग बाकावर बसून तिनं गरम मासा बोटांनी सोडवून खाल्ला, काटा काटा वेगळा करत, पहिल्या दिवशी मागच्या पायरीवर बसली होती तशीच.

आम्ही गाव सोडलं ते 1978च्या ऑगस्टमध्ये. बाबांना बर्मिंगहॅमला बरी नोकरी मिळाली. आपली माणसं होती तिथं, देऊळ होतं, ओलं खोबरं होतं. सामानाची गाडी आदल्या दिवशी गेली. सकाळी आम्ही चौघं बॅगा घेऊन दारात उभे. गल्लीतली पाच-सहा माणसं आली होती. मोशी नव्हत्या. त्यांचं दार बंद होतं, पण पडद्यामागे त्या आहेत हे मला माहीत होतं, आईला माहीत होतं. निघणाऱ्याला त्या दारातून निरोप देत नसत, बोट नजरेआड होईपर्यंत बघत नसत. आई बंद दाराशी गेली, हात लावला आणि मराठीत म्हणाली, “येते हां, मावशी.”

आम्ही कोपऱ्यापर्यंत गेलो आणि बाबा खिसे चाचपायला लागले. वही राहिली होती. शब्दांची वही, स्वयंपाकघराच्या खिडकीत. मागून कुणी हाक मारली नव्हती, त्यांचं त्यांनाच आठवलं. आम्ही सगळे उलटे फिरलो. रिकाम्या घरात पावलांचा आवाज येत होता. बाबा वही घेऊन लगबगीनं बाहेर यायला लागले, गाडीला पंचवीस मिनिटं होती, आणि आई उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

“परत आलाच आहात तर टेका जरा,” ती म्हणाली. “पाणी घ्या, मग निघू.”

पेले सगळे गेले होते. बाबा, ज्यांचा यातल्या कशावर विश्वास नव्हता, जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले. शेजारचं दार उघडल्याचा आवाज आला. मोशी कपात पाणी घेऊन आल्या, उंबऱ्याबाहेरच थांबल्या, आणि हात लांब करून कप आत दिला.